पाऊस तिकडे, गारठा इकडे

महाबळेश्वरहून पाचगणीमार्गे वाईला उतरायचे तर अंतर जेमतेम तीस-बत्तीस किलोमीटर. पसरणी घाटात गाड्यांची रांग नसेल, तर तासाभरात माणूस खाली येतो. या तासाभरात पावसाचा आकडा मात्र कुठल्या कुठे जातो. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, पाचगणीला अठराशेच्या आसपास आणि पायथ्याच्या वाईला सातशेच्या. महाबळेश्वरात एकट्या जुलै महिन्यात साधारण दोन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेवढा पडायला वाईत जवळजवळ तीन पावसाळे लागतात.

हिवाळ्यात चित्र पालटते. पावसात चिंब भिजणाऱ्या कोकणात जानेवारीतही अनेक घरांत पंखा बंद होत नाही. पावसासाठी आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या निफाड, अहिल्यानगर, जेऊर, परभणीकडे मात्र त्याच पहाटे शेकोट्या पेटलेल्या असतात. महाराष्ट्राचा पावसाचा नकाशा आणि थंडीचा नकाशा शेजारी शेजारी ठेवले, तर बऱ्याच अंशी एक दुसऱ्याच्या उलटा दिसतो. त्यामागचे कारण एकच आहे: हवेत पाणी किती, आणि ते कुठून आले.

भारतीय हवामान खात्याने महाराष्ट्र आणि गोव्याचे चार हवामान उपविभाग केले आहेत. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोकण-गोव्यात सरासरी सुमारे २,८७० मिलिमीटर पाऊस पडतो. घाट ओलांडून मध्य महाराष्ट्रात आले की सरासरी ७५० च्या आसपास येते, मराठवाड्यात ती ६४० पर्यंत घसरते आणि विदर्भात पुन्हा ९४० च्या जवळ जाते. समुद्रापासून जसजसे दूर जावे तसा पाऊस कमी होत जाईल, ही साधी अपेक्षा पूर्वेकडे पोहोचल्यावर खोटी ठरते.

दोन समुद्रांचे पाणी

पश्चिमेचा हिशेब सह्याद्री ठरवतो. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाचे वारे कोकणाची चिंचोळी पट्टी ओलांडतात आणि हजार मीटरहून उंच कड्यांवर आदळतात. पुढे जायला वाट नसल्याने हवा वर चढते, वर चढताना गार होते आणि बाष्पाचे पाणी होते. आंबोली, महाबळेश्वर, लोणावळा, इगतपुरी ही मुसळधार पावसाची नावे घाटमाथ्याच्या एकाच रेषेवर आहेत. आंबोलीत तर वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. माथा ओलांडला की हीच हवा खाली उतरू लागते, उतरताना तापते आणि ढग विरळ होतात. लोणावळ्यात चार हजारांच्या आसपास असलेला पाऊस साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात सव्वासातशेवर येतो. त्याहून पूर्वेला माणदेश, आटपाडी, जत हा पट्टा पाचशे मिलिमीटरच्या आसपास दिवस काढतो. भूगोलाच्या पुस्तकात याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात, सरकारदरबारी अवर्षणप्रवण.

विदर्भाचा पाऊस मात्र मुख्यतः दुसऱ्या समुद्राची देणगी आहे. बंगालच्या उपसागरात तयार होणारे कमी दाबाचे पट्टे ओडिशा आणि छत्तीसगड ओलांडून पश्चिमेकडे सरकतात आणि महाराष्ट्रात त्यांची पहिली गाठ पडते ती गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूरशी. म्हणून गडचिरोलीत वर्षाला चौदाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, नागपुरात अकराशेच्या आणि बुलढाण्यापर्यंत पोहोचताना आठशेच्या आत. पिकेही त्याच क्रमाने बदलतात. पूर्वेच्या झाडीपट्टीत धानाची बांधी आणि मालगुजारीच्या काळातले तलाव, पश्चिमेच्या वऱ्हाडात कापूस, सोयाबीन आणि तूर.

या दोघांच्या मध्ये मराठवाडा सापडला आहे. अरबी समुद्राचे वारे सह्याद्रीवर रिकामे होऊन इथे येतात आणि बंगालच्या उपसागरावरची कमी दाबाची क्षेत्रे इथवर येता येता दुबळी होतात किंवा मध्य प्रदेशाकडे वळतात. एखाद्या वर्षी दोन्हीकडून हात आखडता घेतला गेला की काय होते, ते २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरने पाहिले. शहराला पाणी पाजायला मिरजेहून रेल्वे आणावी लागली. १२ एप्रिल २०१६ ला पहिली ‘जलदूत’ गाडी दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. ते पाणी कृष्णेचे होते. मिरज काही पावसाचे गाव नव्हे. पण महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी कृष्णा वाई, सातारा, सांगली असा कोरडा मुलूख ओलांडत तिथवर येते. म्हणजे घाटमाथ्यावर पडलेला पाऊस आधी नदीने आणि मग रुळांवरून मराठवाड्यात गेला.

पाऊस किती स्थानिक असू शकतो, याचा दाखला एका शहरातही मिळतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याला नोंद होती ७३ मिलिमीटर.

कोरडी हवा, थंड रात्र

मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख आता ८ ऑक्टोबर धरली जाते. त्यानंतर वाऱ्याची दिशा फिरते. समुद्राकडून येणारी ओली हवा थांबते आणि जमिनीवरून, उत्तरेकडून व ईशान्येकडून कोरडी हवा वाहू लागते. ऑक्टोबर हीटचा घाम पुसून होईपर्यंत देशावर पहाटेचा गारवा सुरू झालेला असतो.

दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशात सोडून देते. हवेत बाष्प असेल किंवा वर ढग असतील, तर ती उष्णता गोधडीखाली राहावी तशी अडून राहते. हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र असेल, तर अडवणारे कुणीच नसते. कोकणाला समुद्राची आणखी एक सोबत आहे: पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते, त्यामुळे किनाऱ्यावरची हवा रात्रीही फारशी उतरत नाही.

जानेवारीतल्या सरासरी किमान तापमानात हे लख्ख दिसते. पणजीत ते २० अंश सेल्सिअसच्या आसपास, कुलाब्यात १९, सांताक्रूझला १७. पुण्यात ११ ते १२, नाशिकमध्ये १० ते ११ आणि नागपुरात १३ च्या जवळ. दुपारचे आकडे मात्र वेगळेच काही सांगतात. जानेवारीत मुंबईचे आणि पुण्याचेही सरासरी कमाल तापमान तीस अंशांच्या आगेमागे असते. पुणेकर ज्या थंडीचे कौतुक सांगतात, ती जवळपास सगळी रात्रीची आणि पहाटेची कमाई आहे. सकाळी स्वेटर घालून निघालेला माणूस दुपारी तो हातात घेऊन का फिरतो, याचे उत्तर अठरा अंशांच्या या चढउतारात आहे.

आजवरचे नीचांकही याच रांगेत बसतात. नाशिकला ७ जानेवारी १९४५ रोजी ०.६ अंश, पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश, नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश. मुंबईत सांताक्रूझला २७ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता आणि तो विक्रम अजून मोडलेला नाही.

‘पावसाच्या उलट थंडी’ या सूत्राला नागपूर हा पहिला अपवाद. तिथे पाऊसही बरा आणि थंडीही कडक. कारण विदर्भाला पाऊस देणारी बाष्पाची वाट हिवाळ्यात बंद होते आणि दोन्ही समुद्र शेकडो किलोमीटर दूर राहतात. उत्तर भारतात बर्फ पडून गेल्यावर तिकडची गार हवा मध्य प्रदेश ओलांडून खाली येते, तेव्हा तिचा पहिला फटका विदर्भ आणि खानदेशाला बसतो. गोंदियाचे नाव थंडीच्या बातम्यांत वारंवार येते ते त्यामुळेच.

हवामान खात्यालाही हा फरक हिशेबात धरावा लागला आहे. मैदानी भागात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली असेल आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी घसरले असेल, तर थंडीची लाट जाहीर होते. किनारपट्टीसाठी हीच मर्यादा १५ अंशांची आहे. १४ अंशांत नाशिककर फिरायला बाहेर पडतात. रत्नागिरीत तेवढ्यात थंडीची लाट म्हणता येते.

डोंगरापेक्षा दरी गार

उंचीवर थंडी जास्त, हा सर्वांचा समज. हजार मीटर वर गेले की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, हे खरे आहे. महाबळेश्वर पुण्याहून सुमारे आठशे मीटर उंच, तेव्हा ते पाच अंशांनी गार हवे. दुपारी ते तसे असतेही. पहाटे मात्र पुण्याचा आकडा महाबळेश्वरपेक्षा खाली गेल्याची बातमी दर हिवाळ्यात येते आणि दर हिवाळ्यात लोकांना तिचे नवल वाटते.

यामागचे कारण साधे आहे. गार हवा जड असते. वारा पडलेल्या, निरभ्र रात्री डोंगरउतारावरची हवा गार होऊन खाली घसरते आणि दरीत, नदीकाठी, सखल भागात साचते. तिच्यावर उबदार हवेचा थर राहतो. महाबळेश्वरचे पठार त्या उबदार थरात असते आणि पुणे खालच्या गार हवेत.

खुद्द महाबळेश्वरातही हाच खेळ चालतो. वेण्णा तलावाचा परिसर आणि लिंगमळा हे गावापेक्षा सखल. वेधशाळेचा आकडा आठ-दहा अंश सांगत असताना तलावाच्या काठी जेटीवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर, गाड्यांच्या टपांवर दवबिंदू गोठून पांढरा थर धरलेला दिसतो. त्यात वेधशाळा चुकते असे नाही. तिचा तापमापक लाकडी जाळीदार पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरहून उंच ठेवलेला असतो. गवताची पाती उघड्यावर आकाशाला उष्णता देत असतात आणि त्यांचे तापमान वरच्या हवेपेक्षा कितीतरी खाली जाते.

पुण्यातही एकाच पहाटे शिवाजीनगर आणि पाषाणला हुडहुडी भरलेली असते, तर मगरपट्ट्यात किंवा चिंचवडला किमान तापमान चार-पाच अंशांनी जास्त असते. सिमेंट, डांबर आणि दाटीवाटीच्या इमारती दिवसाची उष्णता रात्री उशिरापर्यंत सोडत राहतात. पुण्याच्या थंडीची नोंद ज्या शिवाजीनगरच्या वेधशाळेत होते, ती जुनी इमारत गावात ‘शिमला ऑफिस’ म्हणून ओळखली जाते. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आले, त्याची ही खूण.

समुद्राजवळ थंडी कमी, या नियमात कोकणातलेही एक गाव बसत नाही. दापोली समुद्रापासून आठ-दहा किलोमीटरवर, पण अडीचशे मीटरच्या पठारावर. रत्नागिरीत किमान तापमान सतरा-अठरा असताना दापोलीत ते दहाच्या आसपास येते. कोकण कृषी विद्यापीठ तिथेच असल्याने या थंडीची नोंदही नेटकी राहिली आहे.

हिवाळ्यातला पाऊस

महाराष्ट्रात हिवाळा कोरडा, हेही अर्धेच खरे. सप्टेंबरअखेर सूर्य हस्त नक्षत्रात येतो, तेव्हा सोलापूर, सांगलीचा पूर्व भाग आणि मराठवाडा पुन्हा आभाळाकडे बघू लागतात. परतीच्या मोसमी पावसातल्या दुपारनंतरच्या वळवासारख्या गडगडाटी सरी हे इथल्या रब्बीचे भांडवल. काळ्या, खोल जमिनीत ही ओल मुरली की त्यावर शाळू पेरला जातो. पुढे एकही सर पडली नाही तरी पीक त्या ओलीवर आणि थंडीवर निघते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे हेच गणित आहे: उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी जमीन, आणि कोरडा, गार हिवाळा. हस्त-चित्राच्या सरी हुकल्या तर डिसेंबरात हुरड्याचे आमंत्रणही येत नाही.

त्यानंतरचा पाऊस मात्र बहुतेक ठिकाणी नकोसा असतो, आणि तो तीन वाटांनी येतो. पहिली वाट अरबी समुद्रातल्या वादळांची. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्याला लागले. डिसेंबर २०१७ च्या पहिल्या आठवड्यात ‘ओखी’ने किनारा गाठण्याआधीच जीव सोडला, पण मुंबईला डिसेंबरात छत्र्या उघडायला लावल्या. दुसरी वाट पश्चिमी झंझावातांची. भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तानमार्गे येणाऱ्या या प्रणाली हिमालयात बर्फ आणि पंजाबात पाऊस पाडतात. त्यांचा पसारा दक्षिणेकडे वाढला की विदर्भात जानेवारी-फेब्रुवारीत सरी येतात. या दोन महिन्यांत विदर्भात सरासरी वीस-पंचवीस मिलिमीटर पाऊस होतो. कोकणात तो जवळपास शून्य. म्हणजे पावसाचा नकाशा हिवाळ्यात स्वतःच्याही उलटा होतो. झंझावात जवळ आला की आधी ढग येतात आणि थंडी दोन-चार दिवस पळते; तो पूर्वेकडे सरकला की मागून उत्तरेचा कोरडा वारा येतो आणि पारा झपाट्याने उतरतो. थंडी ‘गायब’ झाल्याची आणि ‘परतल्याची’ बातमी एकाच आठवड्यात येते ती अशी.

तिसरी वाट सर्वांत घातकी. खालून समुद्रावरचे बाष्प आणि वरून उत्तरेची गार, कोरडी हवा यांची गाठ पडली की उंच ढग उभे राहतात आणि गारा पडतात. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात गारपिटीचे दिवसामागून दिवस गेले. काढणीला आलेला गहू, हरभरा, शाळू, द्राक्ष, संत्री सगळे झोडपले गेले. २६ नोव्हेंबर २०२३ ला नाशिक जिल्ह्यात निफाडच्या बाजूला झालेल्या गारपिटीने ऐन वाढीतल्या द्राक्षबागांची पाने आणि घड खाली आणले.

निफाडच्या बागायतदाराइतके हिवाळ्याचे बारीक वाचन कुणी करत नसेल. ऑक्टोबरात फळछाटणी झाली की त्याचे डोळे आभाळावर लागतात. फुलोऱ्यात ढगाळ हवा आणि पाऊस आला तर डाऊनी हा बुरशीरोग आणि घडकूज. पुढे मण्यात पाणी उतरू लागले की भीती थंडीची. गोदावरी आणि कादवेच्या काठचा हा सखल, मोकळा मुलूख. गार हवा इथेही साचते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला किमान तापमानाचा आकडा राज्यात अनेकदा सर्वांत कमी असतो. पहाटे पाच-सहा अंशांत आखडलेल्या मण्यावर सकाळी कडक ऊन पडले की साल तडकते. म्हणून रात्री बागेत ठिकठिकाणी शेकोट्या करून धूर केला जातो, आणि पहाटे बोअरचे किंवा विहिरीचे पाणी सोडले जाते, कारण जमिनीतून येणारे पाणी हवेपेक्षा कोमट असते. मैलभर पलीकडे त्याच थंडीत गव्हाचे पीक मात्र मजेत फुटवे धरते.

कोकणात याच्या उलट थंडीची वाट पाहिली जाते. पाऊस थांबून जमीन वाळली आणि रात्रीचे तापमान काही दिवस पंधरा अंशांच्या आसपास राहिले की हापूस मोहोरतो. नोव्हेंबरात पाऊस झाला तर मोहोराऐवजी पालवी फुटते आणि हंगाम लांबतो. थंडी फार लांबली तरी पंचाईत होते: पुन्हा मोहोर येतो आणि आधीची बारीक फळे गळतात. नागपूरकडे संत्र्याच्या आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत झाडांचे पाणी तोडून ताण दिला जातो. मध्येच पाऊस आला तर तो ताण मोडतो. रावेर-यावलच्या केळीला थंडी मानवतच नाही. तिची वाढ खुंटते आणि घड नीट बाहेर पडत नाही. चार फळपिके, चार मागण्या, आणि हिवाळा एकच.

इतका फरक असताना आपल्याकडे आकडे मात्र जिल्ह्यावर सांगितले जातात. सातारा जिल्ह्याचा सरासरी पाऊस हा एक आकडा महाबळेश्वरलाही लागू नाही आणि माण तालुक्यालाही नाही. दोघांना एकत्र करून काढलेली ती सरासरी प्रत्यक्षात फार कमी ठिकाणी पडते. राज्यात आता महसूल मंडळ पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत आणि हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई त्यांच्याच नोंदींवर ठरते. एका मंडळातही डोंगर आणि खोरे असू शकते, त्यामुळे हाही हिशेब परिपूर्ण नाही. पण जिल्ह्याच्या सरासरीपेक्षा तो शेताच्या पुष्कळ जवळ आहे. बागायतदारांनी हंगामात आपल्या मंडळाच्या केंद्राची रोजची नोंद पाहावी, शक्य असेल तर बागेतच एक साधा किमान-कमाल तापमापक आणि एक पर्जन्यमापक बसवावा आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहावेत. केंद्राची नोंद आणि बागेतली परिस्थिती जुळत नसेल, तर तक्रार करताना हातात ही वही असली पाहिजे.